ताप की दाब? कानाचं मशीन लावलेल्या पेशंटशी बोलताना

कर्णपटल (धागाकर्ता)

कानाचं मशीन लावलेला पेशंट समोर बसला की केसपेपरच्या खिडकीपासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत सगळे दोनच उपाय करतात. आवाज चढवतात आणि तोंड पेशंटच्या कानाशी नेतात. दोन्हींनी काम बिघडतं. का बिघडतं ते मशीनच्या बनावटीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

आधी माइक कुठे आहे ते बघा. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वरच्या टोकाशी असतो. कानाच्या भोकात असतो तो मोल्ड, म्हणजे आवाज आत सोडणारी बाजू. तिथे तोंड नेलं की तुमचा श्वास माइकवर फरफरतो, डोकं जवळ आल्यामुळे आवाज उलटा फिरून शिट्टी वाजते, आणि पेशंटला तुमचे ओठ दिसेनासे होतात. खिशातलं वायरवालं मशीन असेल तर माइक छातीवर असतो. त्या माणसाच्या कानात ओरडणं म्हणजे फोनच्या ऐकायच्या बाजूला तोंड लावून बोलणं. तरीही सगळे तेच करतात.

बोलायचं समोरून, साधारण एक मीटरवरून, नेहमीच्या आवाजात. खुर्ची दोन मीटरवरून एक मीटरवर ओढली की माइकपाशी पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, तोही शब्द न फाटता.

ओरडल्यावर वाढतात ते स्वर: आ, ओ, ए. क, त, स, श त्या मानाने वाढत नाहीत, आणि वयाने गेलेल्या कानाला नेमके तेच कमी ऐकू येतात. शिवाय मशीनला कमाल आवाजाची मर्यादा लावलेली असते, तिच्यावर गेलात की मशीन तुमचा आवाज दाबून टाकतं. नस कमजोर झालेल्या कानाचं आणखी एक दुखणं असं की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा सहनही होत नाही. मधली जागा अरुंद असते. 'ऐकू येत नाही' म्हणणारे आजोबा क्षणात 'ओरडता कशाला' म्हणतात ते त्यामुळे.

आता शीर्षकाबद्दल. कमी ऐकणारा माणूस अर्धं कानाने आणि अर्धं ओठांवरून घेतो. ओठांवर प, ब, म एकसारखे दिसतात. त, द, न हेही. म्हणून 'पोट' आणि 'बोट' जुळे, आणि 'ताप' आणि 'दाब' तर हुबेहूब. 'दाब वाढलाय' यावर पेशंट 'नाही हो, अंग गरम नाही' म्हणाला तर त्याची बुद्धी तपासू नका, तुमचा शब्द बदला. एकदा तेच वाक्य पुन्हा म्हणा. नाही पोचलं तर तिसऱ्यांदा तेच नको. 'बीपी', 'ब्लडप्रेशर' म्हणा किंवा दंडाला पट्टा गुंडाळल्याची खूण करा. विषय बदलताना तो आधी सांगा: 'आता गोळ्यांचं बोलू'. विषय कळला की निम्मे शब्द माणूस अंदाजाने बरोबर पकडतो.

आणि हे सगळं करण्याआधी मशीन चालू आहे ना ते बघा. लावलेलं मशीन आणि चालणारं मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१. मशीन काढून बंद मुठीत धरा. शिट्टी वाजली तर जिवंत आहे. नव्या डिजिटल मशीनमध्ये शिट्टी रोखायची सोय असते, ते गप्प राहिलं म्हणून बंद समजू नका. कानात घालून, पेशंटला तुमचे ओठ दिसणार नाहीत असं बसवून आ, ऊ, ई, म, श, स असे सहा आवाज म्हणा आणि त्याला परत म्हणायला सांगा. स आणि श हुकले तर पुढे काय हुकणार आहे ते तुम्हाला तिथेच कळतं.
२. जुन्या मशीनवर ओ-टी-एम असा खटका असतो. ओ म्हणजे बंद, टी म्हणजे टेलिफोन, एम म्हणजे माइक. खटका सरकून टी वर गेला असेल तर माइक बंद. अशी 'बिघडलेली' मशीनं एका बोटाने दुरुस्त होतात.
३. सेल. रंगावरून ओळखा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर हवेने सेल जागा होतो. एक-दोन मिनिटं उघडा ठेवून मग घाला.
४. नळीत पाण्याचा थेंब किंवा मोल्डच्या तोंडाशी मळ आहे का? नळी पिवळी आणि कडक झाली असेल तर बदलायची वेळ गेली.
५. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. उलटं घातलेलं मशीन नीट बसत नाही आणि सतत शिटतं.

---

शंकासूर

माहिती उत्तम, पण ही कुठल्या देशातली ओपीडी? इथे सकाळी दीडशे केसपेपर निघतात. एका पेशंटला तीन-चार मिनिटं. त्यात डॉक्टरने सेलचे रंग बघत बसायचे?

---

तालुक्याचा डॉक्टर

शंकासूर, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण हिशेब उलटा मांडलाय. वेळ जातो तो तीनदा तेच विचारण्यात, आणि चौथ्या दिवशी चुकीच्या गोळ्या खाऊन परत आलेल्या पेशंटमध्ये.

मशीनची तपासणी डॉक्टरने करायचीच नाही. वजन आणि बीपी घेणाऱ्या टेबलावर सिस्टर करतील, अर्धं मिनिट लागतं. तिथेच केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहायचं: 'उजव्या कानाला मशीन, समोरून बोला' किंवा 'डाव्या बाजूने ऐकतात' किंवा 'लिहून दाखवा'. 'बहिरा' एवढं लिहून काही उपयोग नाही, पुढच्याला काय करायचं ते त्यातून कळत नाही. आणि नाव पुकारण्यावर भिस्त ठेवू नका. पुकारा झाला, ऐकू आला नाही, नंबर गेला, मग भांडण. मामांनी जाऊन खांद्याला हात लावायचा.

डॉक्टरच्या टेबलावर चार गोष्टी, सगळ्या फुकट. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर तुमचा चेहरा पेशंटला काळा दिसतो, खुर्ची फिरवा. टेबलफॅन बंद करा, माइकच्या तोंडावर वारा आला की मशीनमध्ये नुसता घोंगावा. लिहिताना बोलू नका. मान खाली गेली की ओठही गेले आणि आवाजही टेबलात गेला. चौथी गोष्ट मास्क. साधा सर्जिकल मास्क वरच्या पट्टीतले आवाज ३-४ डेसिबलने कमी करतो, एन-९५ साधारण १२ पर्यंत. शिवाय ओठ झाकले जातात ते वेगळंच. खोकल्याचा पेशंट नसेल, खोली हवेशीर असेल तर दोन मीटर मागे सरकून मास्क खाली घ्यायला हरकत नसावी. टीबीच्या ओपीडीत मात्र मास्क हलवायचा नाही. तिथे कागद आणि स्केचपेन.

'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. त्याला कमी ऐकणारा प्रत्येक माणूस 'हो' म्हणतो, कारण 'नाही' म्हटलं की पुन्हा ओरडा ऐकावा लागतो. त्याऐवजी: 'काका, घरी सूनबाई विचारतील डॉक्टर काय म्हणाले, काय सांगाल?' चूक कुठे झाली ते लगेच बाहेर येतं.

सोबत मुलगा आला असेल तरी नजर पेशंटकडे. मुलाशी बोलायला लागलात की पेशंट ओठ वाचायचं सोडून देतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतो.

---

औषधाची चिठ्ठी

+१. काउंटरवर याहून वाईट स्थिती. मध्ये काच, काचेला खाली फट, रस्त्यावर हॉर्न.

धागाकर्त्यांनी अक्षरांचं सांगितलं, मी आकड्यांचं सांगते. 'साठ' मधला स ऐकू आला नाही की उरतो 'आठ'. इन्सुलिनच्या युनिटमध्ये ही चूक किती महागात जाईल ते लिहायला नको. 'पासष्ट' आणि 'बासष्ट' ओठांवर एकच. म्हणून आकडा कधीच नुसता तोंडी सांगायचा नाही. आधी बोटभर उंचीचा लिहायचा, मग अंक सुटे म्हणायचे: 'सहा, शून्य'. 'दीड गोळी' आणि 'एक आड एक दिवस' हे दोन प्रकार तर तोंडी हमखास हुकतात. अख्खी आणि अर्धी गोळी तळहातावर ठेवून दाखवा, दिवस कॅलेंडरवर गोल करून द्या.

इन्सुलिनचं आणखी एक. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं, पेनातलं १००. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. ऐकण्यात घोळ असलेल्या माणसाला 'चाळीसची सिरिंज' असं तोंडाने सांगू नका, रिकामी लाल टोपणाची सिरिंज काउंटरवर ठेवून बोट दाखवा.

पाकिटावर १-०-१ लिहून भागत नाही. सूर्य, ताट, चंद्र काढा. वाचता न येणाऱ्यालाही चालतं, आणि वाचता येणाऱ्याचा अपमान होत नाही.

मशीनच्या सेलबद्दल: स्टिकर काढून परत चिकटवला तरी सेल संपायचा थांबत नाही, त्यामुळे 'वाचवून' काही मिळत नाही. वापरलेले सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला असेल तर वाट न बघता दवाखाना.

---

वॉर्ड क्रमांक नऊ

ओपीडीचं झालं, आता वॉर्डाचं बोलू. भरती पेशंटचं मशीन तीन जागी हरवतं: चादरीत गुंडाळलं जाऊन धुलाईला, जेवणाच्या ताटातल्या टिश्यू पेपरबरोबर कचऱ्यात, आणि ऑक्सिजनचा मास्क काढताना. शेवटचं फार जणांना सुचत नाही. कानामागे आधीच चष्म्याची दांडी, मशीन, ऑक्सिजनची नळी, वर मास्कची नाडी. मास्क ओढला की मशीन उडालंच. अशा पेशंटला डोक्यामागून बांधायचा मास्क द्या, आणि नळी कानावरून न नेता गालावर चिकटपट्टीने धरा.

कवळीला डबी असते तशी मशीनला झाकणाची, नाव लिहिलेली डबी हवी. आत सिलिका जेलची पुडी. रात्री काढलं की सेलचं दार उघडं ठेवायचं. ड्यूटी बदलताना कवळी, चष्मा यांच्याबरोबर 'मशीन किती, कुठल्या कानाचं, कुठे आहे' हेही तोंडी सांगून रजिस्टरला लिहायचं. चार्जिंगचं मशीन असेल तर नातेवाइकांना पहिल्याच दिवशी चार्जर आणायला सांगा. ते तिसऱ्या दिवशी आणतात, आणि मधले दोन दिवस पेशंट 'असहकार करतो' अशी नोंद पडते!

कुशीवर झोपलं की उशीला दाबून मशीन शिटतं. शेजारच्या खाटेवरचे वैतागतात, मावशी मशीन काढून ठेवतात, आणि सकाळच्या राउंडला कोणाच्या लक्षात येत नाही. राउंडच्या आधी मशीन कानात, हा नियम करा. राउंडला सहा जण खाटेभोवती उभे असतात. बोलणाऱ्याने पायथ्याशी नाही, उशापासून एक मीटरवर, पेशंटच्या नजरेच्या उंचीला यायचं. एका वेळी एकानेच बोलायचं.

म्हाताऱ्या पेशंटला भरती झाल्यावर अचानक भ्रम झाला, काहीही बरळायला लागला, तर रक्त तपासाच, पण आधी कानात मशीन आणि डोळ्यांवर चष्मा आहे का बघा. ऐकू न येणं आणि भ्रम एकमेकांत मिसळले की वेगळे काढणं अवघड होतं.

---

भूलभुलैया

ऑपरेशनचं जोडतो. दागिने, कवळी, मशीन सगळं वॉर्डातच काढून नातेवाइकांकडे द्यायची पद्धत आहे. मशीनपुरती ती मोडा. भूल देईपर्यंत मशीन कानात राहू द्या. 'मोठा श्वास घ्या', 'तोंड उघडा' हे सगळं वॉर्डातून नेल्यानंतर, भूल चढण्याआधीच तर सांगायचं असतं. भूल चढली की काढून डबीत, डबी पेशंटच्या फाइलबरोबर रिकव्हरीत, आणि शुद्धीवर येताच परत कानात. कमरेत भूल देणार असाल तर पूर्ण वेळ राहू द्या. तिथे माणूस जागाच असतो, आणि पाठीमागून आलेली 'पाठ बाहेर काढा' ही सूचना त्याला ओठांवरून दिसणारच नाही. बसवण्याआधी समोरून एकदा करून दाखवा, मागून खांद्यावर एक थाप म्हणजे 'हलू नका' असं ठरवा.

संमतीपत्रावर सही मशीन चालू असताना घ्या. ज्याला ऐकू आलं नाही त्याने दिलेली संमती कसली?

कॉक्लिअर इम्प्लांट ही वेगळी जात. आत शस्त्रक्रियेने बसवलेला भाग, बाहेर चुंबकाने चिकटणारी चकती आणि प्रोसेसर. बाहेरचा भाग काढला की बहुतेकांना अजिबात ऐकू येत नाही. त्यामुळे सगळ्या सूचना काढायच्या आधी. आणि सर्जनला आठवण करून द्या: डोक्या-मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी (रक्तस्राव थांबवायचं विजेचं उपकरण, ज्यात वीज अंगातून फिरते) वापरायची नाही, बायपोलर वापरा, त्यात वीज चिमट्याच्या दोन टोकांतच राहते.

---

रेडिओलहरी

आमच्या खात्यातली गफलत सांगतो. छातीच्या एक्स-रेला कानामागचं मशीन काढायची गरज नाही, ते चौकटीत येतच नाही. तरी सवयीने काढायला लावतात, आणि मग पडद्यामागून 'श्वास घ्या, रोखा' ओरडतात. पेशंटचं तोंड कॅसेटकडे (एक्स-रेच्या प्लेटकडे), पाठ आपल्याकडे. ना ऐकू येतं ना दिसतं. फोटो हलतो, परत काढावा लागतो. मशीन राहू द्या, आणि तरी आधी समोर उभं राहून दोनदा रंगीत तालीम घ्या. खिशातलं मशीन असेल तर ते मात्र काढावंच लागतं, छातीवरच असतं.

एमआरआयच्या खोलीत कुठलंच श्रवणयंत्र न्यायचं नाही. आत गेल्यावर इंटरकॉमचा उपयोग शून्य. हातात दिलेला रबरी फुगा एकदा दाबून दाखवायला लावा, आणि 'अजून किती वेळ' हे बोटांनी दाखवायचं ठरवा. इम्प्लांटवाल्याचं कार्ड बघितल्याशिवाय तारीखच देऊ नका. आतल्या चुंबकाला कुठल्या ताकदीचं यंत्र चालतं ते मॉडेलवर अवलंबून असतं. काहींना डोक्याला पट्टी बांधून चालतं, काहींचं चुंबक आधी काढावं लागतं.

---

शंकासूर

माघार. केसपेपरवरची लाल पेनाची ओळ उद्यापासून.
दोन प्रश्न मात्र आहेत. सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलावला तर हे सगळं सुटेल ना? आणि दिव्यांग प्रमाणपत्र नसलेल्याला ही सवलत द्यायची का?

---

कर्णपटल

पहिल्याचं उत्तर: कोण आहे त्यावर. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि भारतीय सांकेतिक भाषा येणाऱ्या माणसाला दुभाषाच हवा. चिठ्ठ्या लिहून भागवू नका, लिखित मराठी त्याची दुसरी भाषा असू शकते. पण साठीत मशीन लागलेल्या आजींना एक खूण येत नाही. त्यांच्यासाठी दुभाषा म्हणजे आणखी एक अनोळखी माणूस. आधी विचारा, 'कसं बोलू? लिहून, ओठांवरून, की मोबाइलवर?' अँड्रॉइडवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी ऐकून मजकूर दाखवतं. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. औषधांची नावं आणि आकडे त्यात हटकून चुकतात, ते हाताने लिहा.

दुसऱ्याचं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकण्यास कठीण' ही व्याख्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट झाल्यावर सुरू होते. ५० डेसिबलवाला माणूस मशीन लावतो, पण प्रमाणपत्राच्या व्याख्येत बसत नाही. पेन्शनला प्रमाणपत्र मागा, समोर बघून बोलायला कसलं प्रमाणपत्र?

मशीन घरी विसरून आलेल्यांसाठी एक जुनी युक्ती. स्टेथोस्कोप पेशंटच्या कानात घाला आणि चकतीपासून थोडं दूर धरून हळू बोला. चकतीवर टकटक नको, ओरडणं तर मुळीच नको. नंतर कानातली टोकं स्पिरिटने पुसा. सगळ्यांना उपयोग होत नाही, पण तेवढ्यापुरतं अनेकदा निभावतं.

---

स्वरयंत्र

धाग्याला थोडा फाटा फोडते, पण 'ताप की दाब' वाचून राहवलं नाही. हीच जोडी दुसऱ्या टोकाकडूनही येते.

घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढलेले पेशंट मानेला इलेक्ट्रोलॅरिंक्स लावून बोलतात. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपास राहिलेल्यांनी तो यंत्रासारखा सपाट आवाज ऐकला असेल. ते उपकरण एकसारखं घुमत राहतं, त्यामुळे अघोष व्यंजनं घोष होतात: प चा ब, त चा द, क चा ग. म्हणजे पेशंट म्हणतो 'ताप' आणि तुम्हाला ऐकू येतं 'दाब'. ह तर जवळजवळ नाहीसा होतो, 'हात' चा 'आत' होतो. इथे ओठ बघूनही सुटत नाही, तुम्हीच वर सांगितलंय की दोन्ही सारखे दिसतात. म्हणून दोन पर्याय द्या आणि बोटं दाखवा: 'अंग गरम? एक. बीपी? दोन.'

या पेशंटचे कान ठणठणीत असतात, तरी सगळे त्याच्याशी ओरडून बोलतात. काही जण तर स्वतःच चिठ्ठी लिहून त्याच्या हातात देतात. तो सभ्यपणे वाचतो.

वाक्य अर्धवट कळलं तर 'काय?' म्हणून सगळं पुन्हा बोलायला लावू नका. कळलेला भाग तुम्ही म्हणा, न कळलेला तेवढा मागा: 'रात्रीपासून काय होतंय?' त्याच्या आधी वाक्य पूर्ण करू नका. ऑपरेशननंतर मान सुजलेली किंवा शेकामुळे (रेडिएशनमुळे) कडक असेल तर मानेवरून आवाज उठत नाही, तोंडात धरायची नळी जोडून बघा. ज्याच्या घशात व्हॉइस प्रोस्थेसिस (बोलण्यासाठी बसवलेली छोटी झडप) आहे त्याला बोलायला गळ्याचं भोक अंगठ्याने झाकावं लागतं. दोन्ही प्रकारांत एक हात अडकतो. म्हणून सलाईन लिहित्या हाताला लावू नका, आणि मनगटं बांधायची वेळ आलीच तर आपण त्याचं तोंड बांधतोय हे लक्षात ठेवा. सांकेतिक भाषा बोलणाऱ्यांनाही हेच लागू.

---

भूलभुलैया

स्वरयंत्र, शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडून जाड अधोरेखन. आणि खाटेवर एक ओळ हवीच: 'श्वास गळ्यातून. ऑक्सिजन गळ्याच्या भोकावर.' पूर्ण स्वरयंत्र काढलेल्याचा नाका-तोंडाशी श्वासमार्ग उरलेलाच नसतो. नाकावर मास्क लावून काही होत नाही, आणि त्या क्षणी तो तुम्हाला ओरडून सांगूही शकत नाही.

---

वॉर्ड क्रमांक नऊ

खाटेवर लावायच्या पाटीचा मजकूर तयार केलाय. काही चुकत असेल तर सांगा.

कानाचं मशीन: डावा कान, १३ नंबर (केशरी)
आधी खांद्याला हात लावा, मग समोर येऊन बोला
आकडे लिहून दाखवा
रात्री डबी: उशाच्या कप्प्यात
सलाईन: डाव्या हाताला (उजव्याने लिहितात)

---

कर्णपटल

छान. एकच बदल सुचवतो: 'खांद्याला हात' च्या आधी 'समोरून येऊन' घाला. मागून अचानक हात लागला की दचकतात, आणि बीपी घ्यायच्या आधी तर मुळीच नको.